राजांगणातलं पाणी जातं कुठे? अंत्रुजातल्या एका जुन्या घराच्या खरेदीचं प्रकरण

सर फोंड्याच्या एका उच्च माध्यमिक शाळेत शिकवतात, वहिनी पतपेढीत आहेत. दोघांची चोवीस वर्षं दुसऱ्या मजल्यावरच्या एकाच फ्लॅटमध्ये गेली. आता सरांच्या आईंना, वय ७८, जिना चढवत नाही. आईंचं म्हणणं एवढंच, की जमिनीवर पाय टेकावेत आणि दारात तुळस असावी. अंत्रुजात, म्हणजे फोंडा तालुक्यात, सावईवेऱ्याच्या बाजूला कुळागराला (नारळ-पोफळींच्या बागेला) लागून एक जुनं चौसोपी घर विकायचं आहे, हे कळल्यावर तिघंही हरखून गेली. मी सिव्हिल इंजिनिअर, सरांचा शाळेतला सोबती. त्यांनी मला बोलावलं ते घर पसंत करायला नव्हे, पसंत झालेल्या घराला हात लावून बघायला. त्यांच्या संमतीनं हे लिहीत आहे, नावं मात्र कोणाचीच देत नाही.

जमीन ९८० चौरस मीटर, घराचं जोतं साधारण २३० चौरस मीटर, आणि मागणी ८२ लाखांची. मालक साठीतले, पणजीत स्थायिक. त्यांच्या वडिलांच्या पश्चात घर सहा वर्षं बंद होतं. गणपतीला तेवढं उघडायचं.

आम्ही मार्चमध्ये गेलो. मालकांनी पहिल्यांदा कौल दाखवलं. एक काढून त्याच्या पाठीवरचा बाझल मिशनचा शिक्का दाखवला आणि खालचं १८६५ हे साल. "घर दीडशे वर्षांपलीकडचं आहे." माणूस खोटं बोलत नव्हता, लहानपणापासून त्यानं हेच ऐकलं होतं. पण ते साल घराचं नाही. बाझल मिशननं मंगळूरला कौलांचा कारखाना सुरू केला ते साल १८६५, आणि तेच पुढे वर्षानुवर्षं कौलांवर उमटत राहिलं. भिंतींची घडण आणि सुतारकाम बघून माझा अंदाज शंभर-सव्वाशे वर्षांचा आहे. घराचं मोल त्यानं कमी होत नाही, पण सांगितलेली प्रत्येक गोष्ट मुळाशी जाऊन बघायची हे त्या कौलानं मला पहिल्याच दिवशी शिकवलं.

वहिनींना घराचा मागचा भाग बघून धसका बसला होता. स्वयंपाकघर धुरानं काळंकुट्ट, छपराची एक बाजू खाली आलेली, माकडांनी फोडलेली कौलं, न्हाणीत भलं मोठं भांडं आणि चूल. पुढचा भाग मात्र त्यांना आवडला. सोप्यावर आणि माजघरात सिरॅमिक टाइल्स, भिंतींना गुळगुळीत सिमेंटचा गिलावा, वर प्लॅस्टिक पेंट, आणि राजांगण, म्हणजे घराच्या मधलं मोकळं अंगण, वरून फायबरच्या पत्र्यांनी झाकलेलं. १९९६ मध्ये मालकांच्या वडिलांनी खर्च करून हे सगळं 'सुधारून' घेतलं होतं. वहिनी म्हणाल्या, "भावोजी, पुढचं आहे तसंच ठेवू, मागचं तेवढं नवीन करू."

दिवसभर घर ठोकून-टोचून बघितल्यावर माझं मत याच्या नेमकं उलट झालं.

आधी मागची बाजू. स्वयंपाकघराच्या वाशांना स्क्रूड्रायव्हर टोचला तर टोक जेमतेम दोन मिलिमीटर गेलं. लाकूड किंदळाचं, आणि त्यावर शंभर वर्षांच्या चुलीचा धूर बसलेला. वाळवी तिथे फिरकलीच नव्हती. अख्ख्या घरात सगळ्यात धडधाकट लाकूड त्याच काळ्या खोलीत होतं. छप्पर खाली आलं होतं ते एका ठिकाणी रिपा कुजल्यामुळे. सहा वर्षं कौलं परतली नाहीत की एक फुटकं कौल पुरे होतं. पाणी रिपेवर, रिपेवरून वाशावर. तीन वासे बदलायचे, बाकीचे राहतात. हे काम मोठं दिसतं, पण ते उघडं आहे, मोजता येतं आणि कुठलाही चांगला सुतार-मेस्त करून देतो.

आता पुढची बाजू. माजघरात भिंतीवर टिचकी मारत गेलो. कमरेच्या खाली 'भद्द' असा पोकळ आवाज. त्या उंचीवर रंगाला फोड आलेले, आणि खाली टाइल्सच्या कडेला पांढरी भुकटी साचलेली. बोटावर घेतली तर मिठासारखी. लोणा. देवखोलीच्या भिंतीवर मी फूटभर चौकोनी प्लॅस्टिकचा तुकडा चारही बाजूंनी चिकटपट्टीनं लावला आणि दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा गेलो. प्लॅस्टिकच्या आतल्या बाजूला, भिंतीकडे, दव पडल्यासारखे थेंब. बाहेरच्या हवेचा ओलावा असता तर थेंब बाहेरच्या बाजूला आले असते. हे पाणी भिंतीतून येत होतं, आणि तेही मार्चमध्ये, शेवटचा पाऊस पडून चार-पाच महिने झाल्यावर.

घराचं जोतं चिऱ्यांचं, पण त्यावरच्या भिंती मातीच्या आहेत, दोन फूट जाडीच्या. आपल्याकडच्या अनेक जुन्या घरांच्या अशाच असतात. मातीची भिंत जमिनीतून थोडं पाणी ओढणारच. ते आपल्या अंगातून बाहेर सोडते म्हणून ती टिकते. चुन्याचा गिलावा आणि शेणानं सारवलेली जमीन त्या पाण्याला वाट देतात. सिमेंट वाट देत नाही. खालून टाइल्स आणि बाजूनं सिमेंट असं तोंड दाबलं की पाणी वर चढत जातं, जिथे सिमेंट संपेल तिथपर्यंत. आणि भिजलेली माती भार पेलत नाही. देवखोलीच्या भिंतीला ओळंबा लावला, तर जोत्यापासून दीड मीटरवर भिंत चार सेंटिमीटर बाहेर आलेली. नव्या रंगाखाली ते नुसत्या डोळ्यांना दिसत नव्हतं.

पण एवढं पाणी येत कुठून होतं? त्यासाठी राजांगणात बसावं लागलं.

चौसोपी घराच्या छपराची आतली चारही अंगं राजांगणाकडे उतरतात. म्हणजे पाऊस पडला की निम्म्या छपराचं पाणी घराच्या मधोमध येतं. गोव्यात वर्षाला सरासरी तीन हजार मिलिमीटर पाऊस, आणि अंत्रुजात डोंगराच्या कुशीत तो हात आखडत नाही. जुन्या लोकांनी हे जाणून राजांगण घराच्या जमिनीपेक्षा हातभर खोल ठेवलं होतं आणि कोपऱ्यातून चिऱ्यांची एक व्हाळी घराखालून थेट कुळागरात नेली होती. तेच पाणी पोफळींना मिळायचं. १९९६ मध्ये राजांगण भरून वर घेतलं, टाइल्स बसवल्या आणि 'आता वर पत्रे आहेत, पाणी येणार नाही' असं धरून व्हाळीच्या तोंडावर बारीक जाळी बसवली. पण पत्र्यांच्या पन्हळी कुठे सोडल्या? त्याच कोपऱ्यात.

मी दोन बादल्या पाण्यात नीळ कालवली आणि जाळीतून ओतली. सर कुळागरात व्हाळीच्या दुसऱ्या तोंडाशी उभे राहिले. पाच मिनिटं, दहा मिनिटं. वीस मिनिटांनी सरांनी हाक मारली, "अरे, थेंब नाही!" इकडे जाळीखाली निळं पाणी तसंच तुंबून होतं, सुपारीच्या झावळ्यांचा भुगा वर तरंगत होता. सत्तावीस-अठ्ठावीस पावसाळे ते पाणी घराच्या पोटात जिरत होतं, आणि पहिली भिंत लागत होती देवखोलीची.

त्या दिवशी मी सरांना सांगितलं की या घरात 'मागासलेलं' जे दिसतं त्याची भीती बाळगू नका. जे नवं केलंय ते आधी काढावं लागेल, आणि खर्च तिथेच आहे. वहिनींना हे पटायला वेळ लागला. चकचकीत जमीन फोडायची आणि काळं स्वयंपाकघर ठेवायचं, हे ऐकायलाच विचित्र वाटतं.

वहिनींचा दुसरा प्रश्न मात्र माझ्या लक्षातच आला नव्हता, आणि तो माझ्या सगळ्या टिचक्यांहून मोलाचा होता. त्या आईंना हाताला धरून घरभर फिरवून आल्या आणि म्हणाल्या, "मोजलं का? त्यांच्या खोलीपासून न्हाणीपर्यंत पाच उंबरठे आहेत. आणि रात्री राजांगणाच्या कडेनं जावं लागतं." आईंसाठी घर घ्यायचं आणि आईच तिथे अडखळायच्या. तेव्हाच ठरलं की सोप्याला लागून असलेल्या कोठीचं रूपांतर आईंच्या खोलीत आणि जोड-न्हाणीत करायचं. अंदाजपत्रकात ही ओळ सगळ्यात वर लिहिली.

कागद

कागदांची गोष्टही भिंतींसारखीच निघाली. वरचा थर स्वच्छ होता.

मालकांनी दाखवलेला एक-चौदाचा उतारा, म्हणजे गोव्यातला सातबारासारखा जमिनीचा उतारा, नीटनेटका. कब्जेदार म्हणून आधी त्यांच्या वडिलांचं नाव, फेरफार होऊन आता त्यांचं. कुळाच्या रकान्यात काही नाही. घरपट्टीच्या पावत्या, विजेचं बिल, सगळं त्यांच्या नावावर. पुष्कळ जण एवढ्यावर टोकन देतात. पण एक-चौदा हा मालकीचा दस्त नाही. १९६८ च्या जमीन महसूल संहितेखाली मोजणी झाली तेव्हा जो राहत होता, कसत होता, त्याचं नाव बहुधा लागलं. ती नोंद खरी मानून चालतात, पण उलट पुरावा येईपर्यंतच.

सरांच्या वकिलांनी जुना पोर्तुगीज थर काढायला लावला: नोंदणी कार्यालयातलं दिश्क्रिसांव (मालमत्तेचं वर्णन) आणि इंश्क्रिसांव (मालकीची नोंद), आणि मात्रिज (जुनी कर-नोंद). मालमत्ता निघाली मालकांच्या आजोबांच्या नावावर. आजोबा-आजी गेल्यावर ना इन्व्हेंटरी (वारसांमधली कायदेशीर वाटणी) झाली, ना वारसाचा दस्त. आणि आजोबांना मुलगा एकटा नव्हता, दोन मुलीही होत्या.

गोव्याबाहेरच्या वाचकांसाठी इथे थोडं थांबायला हवं. १८६७ चा पोर्तुगीज नागरी कायदा गोव्यात १८७० पासून लागू झाला. आज वारसाहक्काचं काम २०१२ च्या गोवा उत्तराधिकार, विशेष नोटरी आणि इन्व्हेंटरी प्रक्रिया कायद्यानं चालतं. तो २०१६ पासून अमलात आहे, पण पाया तोच. मुलगा-मुलगी समान वारस. आणि लग्नाआधी वेगळा करार केला नसेल तर नवरा-बायकोची मालमत्ता सामाईक, दोघांचा अर्धा-अर्धा वाटा. म्हणून विकताना जोडीदाराची सहीही लागते. मालक मनापासून म्हणत होते, "आत्यांनी कधी काही मागितलं नाही." खरंच मागितलं नसेल. पण न मागितल्यानं हक्क जात नाही.

वकिलांनी कागदावर वंशावळ काढली. मालक आणि त्यांच्या पत्नी. मालकांच्या आई, कारण वडिलांच्या वाट्यात त्यांचा अर्धा. मालकांची बहीण आणि तिचे यजमान. डिचोलीच्या आत्या विधवा, त्यांच्या यजमानांचा अर्धा वाटा दोन मुलांकडे आलेला, म्हणून आत्या, दोन मुलगे, दोन सुना. मडगावच्या आत्या वारलेल्या, त्यांचे यजमान आणि पुण्यात नोकरीला असलेली अविवाहित मुलगी. दोन सह्यांच्या जागी बारा. मालकांनी तो कागद हातात घेतला आणि बराच वेळ बोललेच नाहीत. मग म्हणाले, "डिचोलीच्या आत्यांना भेटून सात वर्षं झाली."

कागदातला दुसरा मुद्दा जमिनीवर उभा होता. कुळागराच्या टोकाला, त्याच सर्व्हे नंबरात, एक लहानसं कौलारू घर. तिथे एक आजी आणि तिचा मुलगा राहतात. आजीचे यजमान पन्नास वर्षं या भाटात (बागेत) पाडेली, म्हणजे नारळ उतरवणारे, होते. मालक म्हणाले, "ती आमचीच माणसं. सांगितलं की दुसरीकडे जातील." मी आणि सर आजीकडे गेलो. तिनं आम्हाला पेज घ्यायचा आग्रह केला. जाण्याबद्दल तिला कोणी काही विचारलेलंच नव्हतं.

मुंडकार म्हणजे मालकाच्या जमिनीत त्याच्या संमतीनं घर करून राहणारा. १९७५ च्या मुंडकार कायद्यानं आजीला घरातून काढता येत नाही. शिवाय पंचायत क्षेत्रात घराखालच्या जागेसह ३०० चौरस मीटर जमीन विकत घेण्याचा तिला हक्क आहे. यावर माझं मत मी सरांना स्पष्ट सांगितलं, आणि इथेही लिहितो. हे 'अडचण' म्हणून बघायचं नाही. ती जमीन विक्रीला नव्हतीच. ९८० चा आकडा चुकीचा, खरा आकडा ६८०. ज्याला आजी नको असेल त्यानं हे घर घेऊ नये. सरांना हे सांगितलं नसतं तरी चाललं असतं.

'विभागीय आराखडा २०२१' या आराखड्यात घराची बाजू वसाहत क्षेत्रात आणि खालचं कुळागर फळबाग क्षेत्रात येतं, हेही झोनिंग दाखल्यावरून नक्की केलं. समुद्र किंवा भरतीची नदी जवळ नसल्यानं किनारी नियमांचा प्रश्न आला नाही.

हिशेब

एक कंत्राटदार म्हणाला, पाडा आणि नवं बांधा. त्याचा दर चौरस मीटरला २८ हजार, म्हणजे एवढंच घर ६४ लाखांच्या वर. त्यानं एक गोष्ट सांगितली नाही. जुनं घर पाडलं की जागेवर नव्या इमारतीचे सगळे नियम लागतात: बाजूची मोकळी जागा, वाटेची रुंदी, नगर नियोजन खात्याची तांत्रिक मंजुरी, सनद (जमीन बिनशेती केल्याचा दाखला). या घराकडे येणारी वाट तीन मीटरचीही नाही. पाडलेल्या घराच्या जागी तेवढंच घर उभं राहील याची खात्री मी देऊ शकत नव्हतो. दुरुस्तीला पंचायतीची परवानगी लागते, पण ती गोष्ट निराळी.

माझं अंदाजपत्रक ३३ लाखांच्या आसपास आलं. सगळ्यात मोठा आकडा छपराचा, साडेनऊ लाख. त्याखालोखाल सिमेंटचा गिलावा उतरवून चुन्याचा करण्याचा, सहा लाख. देवखोलीची आणि तिच्या शेजारची भिंत पाडून पुन्हा मातीतच बांधणं तीन लाख. वायरिंग सगळं नवं, कारण जुन्याला अर्थिंगच नव्हतं. आईंची खोली, न्हाणी आणि विहिरीपासून पंधरा मीटरपलीकडे सेप्टिक टाकी. आणि जिच्यामुळे हे रामायण घडलं ती व्हाळी आणि राजांगण मोकळं करणं, फक्त पावणेदोन लाख. जुन्या घरात भिंत उघडल्यावर काय निघेल सांगता येत नाही, म्हणून वीस टक्के वर धरले. एकूण ४० लाख. यातलं पहिल्या हंगामात करायलाच हवं असं, म्हणजे पाणी, छप्पर, वीज आणि आईंची खोली, १९ लाखांत बसत होतं.

बँकेनं मूल्यांकनात घराची किंमत शून्य धरली, जमिनीचीच धरली, आणि सगळ्या वारसांच्या सह्यांशिवाय कर्ज नाही असं सांगितलं. सरांना त्याचा राग आला. मला वाटतं, त्या अटीनंच त्यांना वाचवलं.

मी 'घ्या' म्हटलं नाही. तीन गोष्टी लिहून दिल्या. बाराही सह्या होईपर्यंत एक रुपयाही टोकन नाही. आजीची ३०० चौरस मीटर जागा मोजून, दगड रोवून वेगळी काढायची, आणि किंमत उरलेल्या जमिनीवरच बोलायची. आणि एक पावसाळा घर बघायचं, मगच आकडा सांगायचा. शेवटची गोष्ट मालकांना रुचली नाही. एप्रिलमध्ये दिल्लीकडचं एक गिऱ्हाईक आलं, ८५ लाख म्हणालं, आणि मालकांनी सरांना नकार कळवला. सर दोन दिवस कोणाशी बोलले नाहीत.

जूनमध्ये मालकांचाच फोन आला. त्या गिऱ्हाइकाच्या वकिलालाही आत्या सापडल्या होत्या.

जुलैत आम्ही भर पावसात गेलो. विक्रीच्या घराकडे त्या दिवसांत कोणी जात नाही, पण घर खरं बोलतं ते तेव्हाच. सोप्यावर तीन ठिकाणी गळत होतं, ते अपेक्षितच. नवीन एवढंच कळलं की न्हाणीमागच्या दरडीतूनही एक झर येतो आणि जोत्याला लागून वाहतो. त्याला बाहेरच्या बाहेर चर काढावा लागणार होता, आणखी साठ-सत्तर हजार. मार्चमध्ये ते कोणालाही दिसलं नसतं.

बोलणी ६१ लाखांवर थांबली. मालक स्वतः डिचोलीला गेले. सात वर्षांनी आत्यांच्या पाया पडले आणि त्यांचा वाटा रोख ठरवून आले. मला वाटतं, या सगळ्या व्यवहारातलं सगळ्यात अवघड काम त्यांनीच केलं. विशेष नोटरीपुढे आजोबा-आजींचा सक्सेशन डीड झाला, ज्याला जुनी माणसं अजून हाबिलितासांव म्हणतात. पुण्याच्या मुलीनं कुलमुखत्यारपत्र पाठवलं. पुढल्या फेब्रुवारीत बाराही जणांनी विक्रेते म्हणून सह्या केल्या. किंमत ५० लाखांवर असल्यानं सरांना एक टक्का कर कापून भरायचा होता, तो प्रत्येक विक्रेत्याच्या नावे वेगवेगळा. त्या फॉर्मांत वहिनींचे दोन रविवार गेले.

मार्चमध्ये राजांगणावरचे पत्रे उतरवले आणि टाइल्स फोडल्या. खाली जुने चिरे जसेच्या तसे होते. तुळशीवृंदावनाचा पायाही सापडला, त्यावरच आईंनी नवी तुळस लावून घेतली. व्हाळी गवंड्यांनी बाहेरच्या तोंडाकडून बांबूनं साफ करत आणली. चार दिवस लागले. आत मुळं, गाळ आणि १९९६ च्या कामातला सिमेंटचा राडा घट्ट बसला होता. सात जूनला पहिला मोठा पाऊस झाला तेव्हा सरांनी कुळागरातून व्हिडिओ पाठवला. गढूळ पाणी व्हाळीतून धावत पोफळींच्या पाटात शिरत होतं.

सर, वहिनी आणि आई गणेशचतुर्थीच्या आधी राहायला गेले, पुढच्या भागात आणि आईंच्या नव्या खोलीत. आजीचा मुंडकार म्हणून दावा मामलेदारांकडे चालू आहे, सरांनी 'हरकत नाही' असं लिहून दिलंय. देवखोलीची भिंत मातीत बांधून झाली, पण गिलावा अजून केलेला नाही. शेजारच्या जुन्या भिंतीचं सिमेंट उतरवलंय, तिथे प्लॅस्टिकचा तुकडा दर महिन्याला लावून बघतो. ऑक्टोबरपर्यंत थेंब कमी झाले होते, थांबले नव्हते. आणखी एक पावसाळा ती भिंत उघडी ठेवायची आहे. तोवर देव माजघरात आहेत.